मेजरसाहेबांचे घड्याळ

दिवाळीची सुट्टी आठ दिवसांवर आली, की शाळेत कुणाचेच चित्त थाऱ्यावर नसते. मुलांचे तर नसतेच, पण आम्हा मास्तरांचेही नसते. सहामाहीचे पेपर तपासून झालेले, नवा धडा काढावा तर मुले केविलवाण्या चेहऱ्याने पाहतात, आणि खिडकीतून शेजारच्या घरच्या चकल्यांचा वास येत असतो. अशा एका दुपारी नववीच्या वर्गाने माझ्याकडे गोष्टीचा हट्ट धरला. मी जातीचा कादंबरीकार. गोष्ट सांगा म्हटल्यावर आढेवेढे घेण्याचे मला कारण नव्हते.

त्या दिवसांत मी फ्रँक ओ'कॉनर या आयरिश लेखकाची 'गेस्ट्स ऑफ द नेशन' ही कथा वाचत होतो. माझे इंग्रजी मॅट्रिकचे. त्यामुळे एका हातात शब्दकोश आणि दुसऱ्या हातात पुस्तक, असे माझे वाचन चालते. पण या कथेने मला कोश बाजूला ठेवावयास लावला होता. तीच मी माझ्या भाषेत मुलांना सांगितली. आयर्लंडातल्या एका खेड्यात, एका म्हातारीच्या घरी दोन इंग्रज सोल्जर कैदेत ठेवलेले आहेत. पहाऱ्यावर गावचेच तरुण बंडखोर. दिवसचे दिवस एकत्र जातात. रात्री चुलीपाशी पत्त्यांचा डाव पडतो. एक कैदी देवाधर्मावरून वाद घालून घालून पहारेकऱ्याला जेरीस आणतो, तर दुसरा मुकाट्याने म्हातारीची लाकडे फोडून देतो. कोण कैदी आणि कोण पहारेकरी हेही पुढे पुढे कुणाच्या लक्षात राहत नाही. आणि एका संध्याकाळी हुकूम येतो, की शत्रूने आपली माणसे गोळ्या घालून मारली आहेत, तेव्हा हे दोघे आजच्या आज मारावयाचे.

गोष्ट संपली तेव्हा वर्ग गप्प होता. मग मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. शेतकऱ्याचा पोर, एरवी वर्गात तोंड न उघडणारा. तो म्हणाला, "गुरुजी, पत्ते खेळले होते ना एकत्र? मग मारलं कसं?"

मी म्हणालो, "अरे, लढाईत असं होतं." हे उत्तर नव्हते, हे त्यालाही कळले आणि मलाही. सुदैवाने घंटा झाली. पण तो प्रश्न माझ्याबरोबर घरी आला, तो आजपर्यंत गेलेला नाही. म्हणून या कथेच्या मागे खरा इतिहास काय आहे ते मी शोधावयास लागलो. ओ'कॉनर हा कॉर्कचा. पुढच्या यादवीत तो स्वतः बंदिवासात राहिलेला होता आणि १९३१ साली त्याने ही कथा छापली. कॉर्क परगण्यातली माणसे ती वाचताना कशाकशाची आठवण काढत असतील, हे मला त्या शोधातच समजले.

आयर्लंड हा देश आपल्याला तसा परका नाही. लोकमान्यांनी १९१६ साली होमरूल लीग काढली तो 'होमरूल' शब्दच मुळी आयर्लंडातून आलेला. कॉर्कचा महापौर टेरेन्स मॅकस्विनी ७४ दिवसांच्या उपोषणानंतर २५ ऑक्टोबर १९२० रोजी लंडनच्या ब्रिक्स्टन तुरुंगात गेला. पुढे १९२९ साली लाहोरच्या तुरुंगात जतिन दास ६३ दिवसांच्या उपोषणाने गेले, तेव्हा आपल्याकडच्या लोकांना मॅकस्विनीचीच आठवण झाली होती. त्या आयर्लंडात १९१९ पासून १९२१ पर्यंत इंग्रजांविरुद्ध गनिमी लढाई चालू होती. दुकानांतले नोकर, शेतकऱ्यांची पोरे, गिरणीतले मजूर दिवसा आपापली कामे करीत आणि रात्री बंदुका घेऊन निघत. गनिमी कावा महाराष्ट्राला समजावून सांगावयाला नको.

'ओलीस' हा शब्दही आपल्याला जुना आहे. १७७९ च्या जानेवारीत वडगावला इंग्रजांची फौज कोंडली गेली आणि त्यांना तह करावा लागला. त्या तहाच्या हमीसाठी फार्मर आणि स्ट्युअर्ट हे दोन इंग्रज महादजी शिंद्यांकडे ओलीस राहिले. मुंबईकरांनी तह मोडला, तरी महादजींनी या दोघांच्या केसाला धक्का लावला नाही, आणि पुढच्या वर्षी त्यांना सोडूनही दिले. त्या काळी ओलीस हा देऊ केलेला माणूस असे, दोन्ही बाजूंनी मान्य केलेला. विसाव्या शतकातला ओलीस हा वाटेवरून उचललेला माणूस आहे. त्याला कुणी दिलेला नसतो आणि त्याच्या जिवाची हमी कुणी घेतलेली नसते.

असा पहिला बडा ओलीस आयर्लंडात सापडला तो चक्क गळ टाकून बसलेला. २६ जून १९२० चा दिवस. ब्रिगेडियर-जनरल लूकस हा फर्मॉय येथल्या इंग्रजी ब्रिगेडचा मुख्य. गॅलिपोली आणि सोम येथली रणे पाहिलेला, चाळिशी ओलांडलेला लढवय्या. सुट्टीचा दिवस म्हणून डॅनफर्ड आणि टिरेल या दोन कर्नलांना घेऊन तो ब्लॅकवॉटर नदीवर मासे धरावयास गेला होता. लियम लिंच नावाच्या बंडखोर पुढाऱ्याने त्याला तिथेच पकडला. हा लिंच पंचविशीतला. त्याच फर्मॉय गावात लोखंडी सामानाच्या दुकानात त्याने नोकरी केली होती. म्हणजे परवापरवापर्यंत गिऱ्हाइकांना खिळे-बिजागऱ्या मोजून देणाऱ्या पोराने गावच्या छावणीचा जनरल पकडला!

बंदिवानांना दोन मोटारींतून नेत असताना लूकस आणि डॅनफर्ड आपसात अरबीत काहीतरी बोलले. पूर्वेकडे नोकऱ्या केलेले हे अधिकारी, ती भाषा पहारेकऱ्यांना कुठून कळणार? आणि क्षणात दोघांनी पहारेकऱ्यांवर झडप घातली. मोटार रस्ता सोडून खड्ड्यात गेली. लिंच आणि लूकस यांची रस्त्यावर अक्षरशः कुस्ती झाली, आणि गोळी लागून डॅनफर्ड पडला. त्याच्याजवळ थांबण्यासाठी टिरेलला मोकळे सोडून बंडखोर एकट्या लूकसला घेऊन गेले. इकडे चिडलेल्या गोऱ्या शिपायांनी फर्मॉय गावातली दुकाने फोडून टाकली. त्यात लिंचच्या ओळखीच्या किती दुकानदारांच्या काचा गेल्या असतील कोण जाणे.

पुढचा महिना मात्र गमतीचा आहे. कॉर्कमधून लिमरिक, लिमरिकमधून शॅनन नदी ओलांडून क्लेअर, मग पुन्हा लिमरिक असा हा जनरल शेतकऱ्यांच्या घराघरांतून फिरत राहिला. क्लेअरमध्ये त्याचा यजमान मायकेल ब्रेनन हा चोवीस वर्षांचा बंडखोर होता. जनरलसाहेब पहारेकऱ्यांबरोबर पत्ते खेळत आणि बहुधा जिंकत. गवताच्या कापणीला हात लावीत. रात्री चोरून मासे धरावयास पहारेकऱ्यांबरोबर नदीवर जात. ज्या सरकारचा कायदा राखण्यासाठी तो आयर्लंडात आला होता, त्याच सरकारचा मासेमारीचा कायदा जनरल आणि बंडखोर मिळून मोडीत होते! साहेबांना रोज व्हिस्की लागे आणि ती पुरविता पुरविता तुकडीच्या गाठीचा पैसा संपत चालला, अशी कुरबूरही त्या मंडळींच्या आठवणींत आहे. आपल्याकडे लग्नाला आलेला व्याही महिनाभर मुक्काम ठोकून बसला, तर यजमानाचा चेहरा जसा होईल तसा ब्रेननचा झाला असावा.

पण मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती पत्रांची. जनरलची बायको तिकडे इंग्लंडात बाळंतपणाच्या टेकीला आलेली. तिची पत्रे त्याला पोचत आणि त्याची तिला पोचत. पत्ता काय, तर बंडखोरांच्या सेनेचे नाव. पोस्टाच्या थैल्या लुटणारी तीच पोरे ही पत्रे मात्र हातोहात पोचवीत होती. मूल सुखरूप झाल्याची बातमी बापाला बंडखोरांच्या टपालाने कळली.

३० जुलै रोजी लूकस खिडकीतून निसटला आणि रात्रभर पावसात, रानावनातून चालत पॅलस येथल्या पोलीस ठाण्यावर पोचला. त्याला निसटू दिला असेही पुष्कळजण म्हणतात. मलाही तसेच वाटते. सांभाळणे परवडत नाही आणि मारणे जिवावर येते, अशा वेळी पहारेकऱ्याला डुलकी लागते. त्याच दिवशी त्याला लष्करी मोटारीतून नेत असताना ऊला गावाजवळ दुसऱ्या एका बंडखोर टोळीने गाडीवर हल्ला केला आणि दोन शिपाई ठार झाले. गाडीत कोण आहे याचा हल्लेखोरांना पत्ता नव्हता. महिनाभर ज्याला जपला तो मित्रांच्याच गोळीने जावयाचा, तो थोडक्यात वाचला. पुढे कैदेतल्या वागणुकीविषयी विचारता, सभ्य माणसांनी सभ्य माणसाला वागवावे तसे मला वागविले, असे त्याने सांगितले. हे त्याच्या वरिष्ठांना काही रुचले नाही.

हीच गोष्ट मी वर्गात सांगितली असती, तर मुले हसत हसत दिवाळीला घरी गेली असती. पण १९२० चा उन्हाळा आणि १९२१ चा वसंत यांच्यामध्ये फार काही घडून गेले होते. डिसेंबरात कॉर्क आणि आसपासच्या परगण्यांवर लष्करी कायदा पुकारला गेला. हत्यारासह सापडलेल्या बंडखोराला लष्करी कोर्ट उभे करून गोळी घालू लागले. २८ फेब्रुवारी १९२१ रोजी कॉर्कच्या बराकीत एकाच सकाळी सहाजणांना मारले. आता ओलीस हा पत्त्यांच्या डावातला भिडू राहिला नव्हता. तो तराजूत घालावयाचे वजन झाला होता.

त्या वजनाचा काटा किती क्रूर असतो हे सांगावयास हवे, नाहीतर मी तुम्हाला रम्य कथा सांगितल्याचे पाप माझ्या माथी येईल. कोचफर्डजवळ राहणाऱ्या मिसेस लिंडसे या वृद्ध बाईने जानेवारीत बंडखोरांच्या दबा धरण्याची खबर लष्कराला दिली होती. पकडलेल्यांपैकी पाचजणांना शिक्षा झाली, तेव्हा बंडखोरांनी बाईंना आणि त्यांच्या मोटारहाक्याला उचलून नेले. आमची माणसे माराल तर यांना मारू, असे लष्कराला कळविले. लष्कराने माणसे मारली. त्या सहाजणांतले पाच हेच. मग बंडखोरांनी बाईला आणि त्या हाक्याला मारले. मोटारहाक्याचा अपराध एवढाच, की तो त्या बाईंची मोटार हाकत होता. याचे समर्थन कुणी मला सांगू नये. मी ऐकणार नाही.

आता मेजर जेफ्री कॉम्प्टन-स्मिथ. रॉयल वेल्श फ्युझिलियर्स या पलटणीचा अधिकारी, महायुद्धात डी. एस. ओ. हे मानचिन्ह मिळविलेला, तिशी नुकतीच ओलांडलेला. घरी बायको आणि एक लहान मुलगी. चित्रे काढण्याचा त्याला नाद होता. १६ एप्रिल १९२१ रोजी तो एकटाच आगगाडीने ब्लार्नीला आला आणि बंडखोरांच्या हाती लागला. रेखाटने करावयास आलो होतो, असे त्याचे म्हणणे. शत्रूच्या मुलखात लष्करी माणूस असा एकटा फिरला, म्हणजे तो हेरगिरीला आला असावा असा संशय पकडणाऱ्यांना आला, यात नवल नाही. त्यांनी त्याला डोनोमोर भागातल्या एका एकाकी शेतघरात नेऊन ठेवला. भोवती दलदलीची ओसाड जमीन आणि टेकड्या.

त्या वेळी कॉर्कच्या लष्करी तुरुंगात चार तरुण मरणाची वाट पाहत होते. पॅट्रिक रोनेन आणि टॉमस मल्काही हे मोर्न ॲबी येथे पकडलेले, आणि मॉरिस मूर व पॅट्रिक ओ'सलिव्हन हे क्लॉनमल्टच्या चकमकीतून हाती लागलेले. त्यांचा दिवस ठरला होता २८ एप्रिल. बंडखोरांनी जनरल स्ट्रिकलंडला कळविले, की या चौघांना माराल तर तुमचा मेजर आम्ही मारू.

म्हणजे बारा दिवस त्या शेतघरात मेजर आणि त्याचे पहारेकरी दोघेही एकाच बातमीची वाट पाहत होते. हे चित्र मला पुनःपुन्हा दिसते. कॉर्कमधली ती चार पोरे वाचावीत असे त्या घरात सर्वांत जास्त कुणाला वाटत असेल, तर ते त्या इंग्रज मेजरला! आणि मेजर वाचावा असे पहारेकऱ्यांना वाटत असणार, कारण तो वाचला तरच त्यांचे चार सोबती वाचणार होते. दोन वैऱ्यांची आशा एकाच खुंटीला टांगलेली. माणसे जवळ येण्यासाठी यापेक्षा दुसरे काय लागते? मेजरने पुढे जनरल स्ट्रिकलंडला लिहिलेल्या पत्रात स्वच्छ म्हटले आहे, की मला फार मायेने वागविले गेले. या कैदेत मी या लोकांना खुनी टोळी समजण्याऐवजी वाट चुकलेले ध्येयवादी समजावयास शिकलो.

हे कैद्याने कैद करणाऱ्यांना खूश करण्यासाठी लिहिले, अशी शंका माझ्याही मनात आली होती. पण ज्या वेळी त्याने हे लिहिले, त्या वेळी खूश करून मिळण्यासारखे काहीच उरले नव्हते. २८ एप्रिलला चौघांनाही गोळ्या घातल्या गेल्या होत्या. ३० एप्रिलला मेजरला सांगण्यात आले, की तुमची वेळ आली. त्याने कागद मागून घेतला.

त्या शेवटच्या पत्रांविषयी मी दोन-चार ठिकाणी वाचले, आणि प्रत्येक वेळी चष्मा पुसावा लागला. बायकोला त्याने लिहिले, की तासाभरात मला गोळी घालणार आहेत, तुझे नाव ओठांवर आणि तुझा चेहरा डोळ्यांपुढे ठेवून मी जाईन. मग एखाद्या प्रपंची माणसाने प्रवासाला निघताना घरच्यांना किल्ल्या कुठे आहेत ते सांगावे, तशी त्याने आपल्या चीजवस्तूंची वाटणी केली. सिगारेटची डबी पलटणीला. मानचिन्हांच्या लहान प्रती वडिलांना. आणि घड्याळ? घड्याळ मला गोळी घालणाऱ्या अधिकाऱ्याला. कारण तो सभ्य माणूस आहे अशी माझी समजूत आहे, आणि आपले कर्तव्य असे मनापासून समजून तो हे करीत आहे, त्याबद्दल माझ्या मनात त्याच्याविषयी आकस नाही, याची खूण म्हणून.

जनरलला लिहिलेल्या पत्रात आणखी एक मागणे होते. आपल्या मरणाने इंग्लंड आणि आयर्लंड यांच्यातली कटुता वाढू नये, कमी व्हावी, असे त्याने लिहिले.

त्या भागातल्या बंडखोर तुकडीत मॉरिस ब्रू नावाचा एकजण होता. कैक वर्षांनी आयर्लंडच्या सरकारने जुन्या लढवय्यांच्या जबान्या लिहून घेतल्या, त्यांत त्याचीही आहे. या साऱ्या जबान्या २००३ साली लोकांना खुल्या झाल्या. ब्रू सांगतो, की जागेवर नेल्यावर मेजरने सिगारेटची डबी अंगरख्याच्या खिशात नीट ठेवली आणि नंतर ती पलटणीला पाठवा म्हणाला. मग एक सिगारेट पेटविली. ही माझ्या हातून खाली पडेल ती खूण समजा आणि गोळी झाडा, असे त्याने सांगितले.

म्हणजे हुकूम त्याने स्वतःच दिला. मला पुष्कळ दिवस वाटे, की हा इंग्रजी अधिकाऱ्याचा ताठा, मरतानाही हुकमत सोडावयाची नाही. आता तसे वाटत नाही. समोर बंदुका धरून उभे राहिलेले हे तरुण त्याच्याबरोबर पंधरवडाभर राहिले होते. 'झाडा' हा शब्द त्यांच्यापैकी कुणालातरी उच्चारावा लागला असता. तो उच्चारण्याची पाळी त्याने त्यांच्यावर येऊ दिली नाही. माझी ही समजूत चुकीची असू शकेल. पण घड्याळ देणारा माणूस हेही देऊन गेला असेल, असे मानावयास मला जड जात नाही.

त्या मुलाच्या प्रश्नाचे मला सुचलेले उत्तर हे असे आहे. ज्यांनी मेजरला जवळून पाहिले होते त्यांच्या हाती त्याला सोडणे नव्हते, आणि ज्यांच्या हाती चौघांना सोडणे होते त्यांनी ना मेजरबरोबर त्या शेतघरात एक रात्र काढली, ना त्या चार पोरांबरोबर. पण हे उत्तर पुरे नाही, हेही मला कळते. बंदुकीचा घोडा ओढणारे बोट ओळखीच्या माणसाचेच होते. लूकसच्या पहारेकऱ्यांना डुलकी लागली, तशी डोनोमोरला कुणाला लागली नाही. नऊ महिन्यांपूर्वी तीच माणसे मऊ होती आणि आता दगड झाली होती, असे म्हणता येत नाही, कारण मेजर स्वतःच मरता मरता उलट साक्ष देतो. फरक पडला होता तो त्या चार प्रेतांचा. मेजर गेला त्या दिवशी त्यांना दोनच दिवस झाले होते.

आणि ३० एप्रिलनंतर अवघ्या ७२ दिवसांनी, ११ जुलै १९२१ रोजी, लढाई थांबली. तहनाम्याच्या वाटाघाटी सुरू झाल्या. काल ज्यांना खुनी टोळी म्हटले त्यांच्याशी लंडनचे मंत्री टेबलापाशी बसून बोलू लागले. ७२ दिवस! आमच्या शाळेचे एक सत्रसुद्धा यापेक्षा मोठे असते.

तहावरून मग आयरिश माणसे आपसातच लढली. जनरल लूकसला पकडणारा लियम लिंच तहाच्या विरुद्ध गेला आणि त्या बाजूचा सरसेनापती झाला. १० एप्रिल १९२३ रोजी नॉकमील्डाउनच्या डोंगरात त्याला गोळी लागली, ती आयरिश शिपायाची. प्रथम त्या शिपायांना वाटले, की आपण डी व्हॅलेरालाच टिपले. कोण आहे हे त्यानेच सांगितले. मग बंदुकांची डोली करून त्या शिपायांनी त्याला डोंगरावरून खाली आणला. त्याच दिवशी संध्याकाळी तो गेला. जनरलच्या व्हिस्कीने वैतागलेला मायकेल ब्रेनन तहाच्या बाजूला राहिला, आणि १९३१ मध्ये स्वतंत्र आयर्लंडच्या सैन्याचा प्रमुख झाला. ऊलाच्या लष्करी मोटारीतून वाचलेला लूकस पुष्कळ वर्षे जगला. त्याची नि त्याच्या बायकोची ती पत्रे घरातल्यांनी जपून ठेवली, आणि नातवंडांच्या पिढीने ती बाहेर काढली.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर मी त्या नववीच्या वर्गाला मेजरची हकीकत सांगितली. ओ'कॉनरच्या गोष्टीला हशा तरी पिकला होता. या वेळी तोही नाही. तो मागच्या बाकावरचा मुलगा बराच वेळ आपल्या मनगटाकडे पाहत होता. त्याच्या मनगटावर घड्याळ नव्हते. मग त्याने हळूच विचारले, "गुरुजी, आणि त्या घड्याळाला चावी कोण देत असेल?" काही मुले हसली. मी हसलो नाही.

मेजरला त्याच दलदलीच्या जमिनीत पुरले होते. पाच वर्षे त्याच्या घरच्यांना त्याची जागा सापडली नाही. १९२६ साली देह शोधून काढला आणि कॉर्कच्या बंदरावरच्या फोर्ट कार्लाइल या किल्ल्यातल्या लष्करी दफनभूमीत नेऊन ठेवला. आयर्लंड स्वतंत्र झाले होते, तरी बंदरावरचे किल्ले तहाने इंग्रजांकडेच राहिले होते. तेव्हा मेजर आपल्याच लोकांच्या जमिनीत निजला. पुढे १९३८ साली ते किल्लेही आयर्लंडला परत मिळाले. फोर्ट कार्लाइलचे नाव बदलून फोर्ट डेव्हिस ठेवले, आयरिश राष्ट्रवादी कवी टॉमस डेव्हिस याच्या नावावरून. या डेव्हिसचा बाप वेल्सचा होता, आणि इंग्रजी तोफखान्यात डॉक्टर होता.